सिमपाय असताना नवी भाषा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच थँक्स. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पायथॉनमधे सिमपाय ही तयार लायब्ररी असताना मी पोरांसाठी सिम्युलेशनची (म्हणजे रांगेसारखी गोष्ट कॉम्प्युटरवर नकली चालवून बघण्याची) वेगळी मराठी प्रोग्रॅमिंग भाषा बनवणं म्हणजे फुकटची मेहनत, नोकरीत ती कोण विचारणार. सिमपाय मीही वापरतो, आवडतंही. पण नवशिक्याचं घोडं कुठे अडतं ते बघा.

सिमपायमधे वेळ जाऊ द्यायचा तर टाइमआउट (किती वेळ जाऊ द्यायचा ते सांगणारी कमांड) च्या आधी यील्ड (तोवर इथे थांब) हा शब्द लिहावा लागतो. एखाद्या ओळीत तो राहिला तर एरर येत नाही, प्रोग्रॅम मस्त चालतो, फक्त त्या ओळीवर वेळ जातच नाही, म्हणजे खिडकीवरचा माणूस शून्य सेकंदात तिकीट देतो आणि रांगच लागत नाही. तुम्हाला मला लगेच शंका येईल, पण बारावीतलं पोर तेच उत्तर वहीत उतरवून मोकळं होतं. प्रोग्रॅम बंद पडला तर परवडलं, गुपचूप खोटा आकडा नको. म्हणून माझ्याकडे "थांब" हा भाषेचाच शब्द आहे, तो अर्धवट लिहिताच येत नाही.

दादरची एक तिकीट खिडकी घ्या:

प्रवासी येतो सरासरी ३० सेकंदांनी
खिडकी धर
थांब सरासरी २७ सेकंद
खिडकी सोड
निघ

यात "सरासरी" किंवा "नेमके" लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही, तुम्हाला ही जबरदस्ती वाटली, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन्हीकडे "नेमके" टाका, कोणालाच थांबावं लागत नाही, पुढचा यायच्या ३ सेकंद आधी खिडकी मोकळी. दोन्हीकडे "सरासरी" टाका (म्हणजे वेळ कधी कमी, कधी जास्त; आत एक्स्पोनेन्शियल वितरण आहे), की तीच खिडकी, तेच आकडे, आणि रांगेत सरासरी २४३ सेकंद, चार मिनिटांच्या वर! एवढ्या साध्या केसला सूत्र आहे, पण सुट्ट्या पैशांवरून खोळंबा झाला, कोणी वैतागून रांग सोडली, की सूत्रं अपुरी पडायला लागतात आणि सिम्युलेशनच करावं लागतं.

आणि धर-सोड ही माझी आयडिया नाही. १९६१ मधे आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा आणली, त्यातले जनरेट, सीझ, अ‍ॅडव्हान्स, रिलीज, टर्मिनेट हे ब्लॉक म्हणजे वरच्या पाच ओळीच. नॉर्वेत डाल आणि नायगार्ड यांनी सिम्युला ही भाषा सिम्युलेशनसाठीच बनवायला घेतली होती, तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास (डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणारे साचे) आले, आणि आज पायथॉनमधे आपण जे क्लास लिहितो त्यांचं मूळ तिथे आहे. एका कामापुरती भाषा म्हणजे वाया, हे मला म्हणूनच पटत नाही. घटनांची यादी, घड्याळाची उडी (थेट पुढच्या घटनेच्या वेळेवर), रिसोर्स (खिडकीसारखी धरायची-सोडायची गोष्ट), हे एकदा डोक्यात बसलं की पोरगं सिमपाय आरामात उचलेल.

पुढच्या घटनांची यादी स्क्रीनवर दिसावी ही तुमची सूचना मात्र एकदम पटली, आधी तेच करतोय. तोवर हीच खिडकी सिमपायमधे लिहून पाठवाल का? दोन्ही कोड शेजारी-शेजारी टाकतो. फक्त त्यात लाखो प्रवासी येऊ द्या, इतक्या भरलेल्या खिडकीवर छोट्या रनमधे सरासरी खूप हेलकावते, २४३ च्या जवळ यायला वेळ लागतो.