पिरॅमिड ‘अचानक’ उगवले नाहीत

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातले दावे असे: पिरॅमिडच्या आधी इजिप्तमध्ये तसं काहीच नव्हतं, ते अचानक उगवले. तेवीस लाख दगड वीस वर्षांत, रोज दहा तास राबून रचायचे तर दर दोन मिनिटांना एक बसायला हवा, तांब्याच्या छिन्न्यांनी हे अशक्य. बांधकामाचा एक कागदही सापडलेला नाही. माणसं राबलीच असतील तर ती चाबकाखालचे गुलाम. आणि शेवटी, ‘दगडांच्या राशीला कला म्हणू नका.’ म्हणजे हे काम परग्रहवासीयांचं, नाहीतर कुठल्यातरी लुप्त संस्कृतीचं. हा मेसेज माझ्या मनाला फार लागतो, कारण ज्यांनी हे घडवलं त्यांच्याच हातून तो ते काढून घेतो. वेरूळच्या कैलासाबद्दलही हेच पसरवलं जातं, आणि तिथे तर भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात.

‘अचानक’ या शब्दापासूनच सुरुवात करू. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या, म्हणजे खुफू राजाच्या समाधीच्या, जवळपास शंभर वर्षं आधी, इ.स.पू. 2650 च्या सुमारास, सक्कारा इथे जोसर राजाची समाधी बांधली गेली. ते काम राजाचा प्रधान इम्होतेप याच्या नावावर आहे, आणि जोसरच्या पुतळ्याच्या बैठकीवर इम्होतेपचं नाव कोरलेलंही आहे. आधी एक बसका चौथरा झाला, तो वाढवला, मग त्यावर टप्पे चढत गेले आणि पायऱ्यांचा पिरॅमिड झाला. दगड तरी कसे? लहान लहान, विटांसारखे रचलेले. तोवर या लोकांचा हात मातीच्या विटा, लाकूड आणि बोरू यांवरच बसलेला होता. म्हणून तिथल्या प्रवेशमार्गाचे खांब बोरूच्या जुड्यांसारखे कोरलेत आणि छताचे दगड ओंडक्यांसारखे गोल केलेत. खांब सुटे नाहीत, मागच्या भिंतीला जोडलेले आहेत. दगडाचा खांब एकटा उभा राहील यावर अजून भरवसा नसावा.

त्याच आवारात पपायरसच्या देठासारखे अर्धस्तंभ आहेत. शेतातल्या नागरमोथ्याचा देठ चिमटीत धरून फिरवा, बोटांना तीन कडा लागतात. पपायरस त्याच्याच कुळातला, त्याचा देठही तिकोनी. कारागिराने ती कड चुनखडीत जशीच्या तशी उतरवली आहे. ज्याने नाईलकाठच्या दलदलीत तो देठ हाताळलाय, त्यालाच हे सुचतं.

मग दहशूरला स्नेफरू राजाचा वाकडा पिरॅमिड. खालचा उतार सुमारे 54 अंशांचा, आणि मध्येच तो 43 वर आणलाय. काम चालू असतानाच आतल्या दालनांना तडे गेले. आधार द्यायला घातलेल्या देवदाराच्या तुळया आजही आत आहेत. त्याच राजाने पुढचा पिरॅमिड पहिल्यापासूनच 43 अंशांच्या आसपास बांधला. खुफू हा याच स्नेफरूचा मुलगा. चुकत, सुधारत शिकलेल्या माणसांचं हे काम आहे, आणि ती चूक तिथे अजून उभी आहे.

दोन मिनिटांचा हिशेब एकामागून एक दगड धरून केलाय. प्रत्यक्षात अनेक टोळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी काम करायच्या, आणि बहुतेक दगड पायथ्यालगतच्या खाणीतूनच यायचा. शिवाय पिरॅमिडच्या आकाराकडे पाहा: उंचीच्या खालच्या एकतृतीयांशातच सत्तर टक्के दगड संपतो. चुनखडी मऊ असते, तिला तांब्याची छिन्नी पुरते. ग्रॅनाइट डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून काढत. अस्वानच्या खाणीत पुढच्या काळातला, तडा गेल्यामुळे सोडून दिलेला सुमारे 42 मीटरांचा ओबेलिस्क (एकसंध दगडी स्तंभ) आडवा पडलाय, त्यावर ठेचल्याचे खळगे स्पष्ट दिसतात.

कागद? 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला खुफूच्याच काळातले पपायरस, म्हणजे त्याच देठापासून केलेले कागद, सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा इथल्या खाणीतून पांढरी चुनखडी नावेत भरायची, गिझाला उतरवायची, परत फिरायचं. मुक्काम कुठे केला, तेही लिहिलंय.

गुलामांचं म्हणाल तर वेठ होती, ती नाकारायची नाही. पण 1990 पासून गिझातच कामकऱ्यांच्या कबरी सापडत आल्यात. सोबत भाकरी-बिअरची भांडी पुरलेली, आणि कित्येक सांगाड्यांत मोडून नीट सांधलेली हाडं. इतक्या मानाने राजाच्या समाधीशेजारी जागा गुलामांना मिळाली नसती.

आणि कला. पिरॅमिडनंतर हजाराहून अधिक वर्षांनी कर्नाकच्या मंदिरात सेती आणि दुसरा रामसेस या राजांच्या काळात 134 खांबांचा मंडप उभा राहिला. मधले बारा खांब सर्वांत उंच, त्यांच्या माथ्यावर पपायरसची उमललेली फुलं. बाजूच्या 122 खांबांवर मिटलेल्या कळ्या. उजेड येतो तो मधल्या उंच छताखालच्या जाळीदार खिडक्यांतून. जिथे ऊन पडतं तिथे फूल उमललंय, आणि सावलीतल्या कळ्या मिटलेल्याच आहेत.