दंड लावला की रुग्ण येतील?

'अपॉइंटमेंट घेऊन न येणारे रुग्ण बेफिकीर असतात. मेसेज करूनही त्यांना फरक पडत नाही. दंड लावा, नाहीतर एका वेळेला दोघांना बोलवा.' अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. वाट बघून वाया गेलेल्या वेळेचा डॉक्टरांना वैताग येतो, हे खरंच. पण हे दावे टिकत नाहीत.

आधी बेफिकिरी. २०१८ साली जगभरातल्या १०५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. न येण्याचं सरासरी प्रमाण २३ टक्के निघालं. त्यामागे सातत्याने दिसलेल्या दोन गोष्टी म्हणजे लांबची तारीख आणि आधीही न आल्याची नोंद. तारीख देतो दवाखाना. अडीच महिन्यांनी नंबर लागेपर्यंत दुखणं थांबलेलं असतं, नाहीतर वाढलेलं असतं आणि रुग्ण दुसरीकडे गेलेला असतो. राहिले वारंवार न येणारे. स्कॉटलंडमधल्या २०१९च्या अभ्यासात, दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्यांपैकी जे वर्षाला दोनपेक्षा जास्त अपॉइंटमेंट चुकवत होते, त्यांच्या मृत्यूचा धोका एकही न चुकवणाऱ्यांच्या आठपटींहून अधिक होता. यांना बेफिकीर म्हणायचं? खरं तर दवाखान्याने आधी फोन यांनाच करायला हवा.

मेसेजचा उपयोग नाही, हे तर सरळ चूक. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात आठवण न करता ६७.८ टक्के रुग्ण आले, मोबाइलवर मेसेज पाठवल्यावर ७८.६ टक्के आणि फोन केल्यावर ८०.३. म्हणजे स्वस्तातला मेसेज जवळजवळ फोनइतकंच काम करतो. शब्दांनीही फरक पडतो. लंडनमध्ये एका चाचणीत, न आल्यास आरोग्यसेवेला किती पौंडांचा भुर्दंड पडतो तो आकडा मेसेजमध्ये घातला, तर गैरहजेरी ११.१ वरून ८.४ टक्क्यांवर आली.

आता नेहमीचा मेसेज बघा: 'आपली अपॉइंटमेंट उद्या ११ वाजता आहे. या मेसेजला उत्तर देऊ नये.' रद्द करायचं तर रिसेप्शनला फोन लावा. तो सकाळभर एंगेज. तिसऱ्यांदा कोण लावणार? 'येणार असाल तर १, नसाल तर २ पाठवा' एवढी सोय केली, तर मोकळी झालेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी देता येते. अर्थात, ते उत्तर वाचायला माणूस हवा.

दंडाचं म्हणाल, तर डेन्मार्कमधल्या एका रुग्णालयाने २५० क्रोनरचा दंड लावून पाहिला. दंडाची सूचना मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के लोक आलेच नाहीत. तिथे हे प्रमाण मुळातच कमी होतं, हे मान्य. पण वसुलीची कटकट वर आलीच.

आणि एका वेळेला दोघं? दोघंही आले की अकराचा रुग्ण साडेअकराला आत जातो, पुढचे सगळे खोळंबतात आणि शिक्षा होते ती वेळेवर आलेल्यांना. जिथे न येणाऱ्यांचा अंदाज नोंदींवरून नीट बांधता येतो, तिथे दिवसाला एखाददुसरा जास्तीचा नंबर खपून जातो. सरसकट नाही. त्यापेक्षा रोजच्या काही वेळा त्याच दिवशी फोन करणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. आज बोलावलेला रुग्ण आजची वेळ सहसा विसरत नाही.