प्रस्तरारोहणाचा श्रेयांक आणि पीएच.डी.

गेल्या आठवड्यात एका घरगुती समारंभात आमच्या एका काकांनी पुतणीच्या शिक्षणाचा विषय काढला. ती अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकते आणि तिच्या गुणपत्रकावर भौतिकशास्त्र, गणित यांच्या खालोखाल ‘प्रस्तरारोहण’ असाही विषय आहे. ‘एवढे पैसे भरून भिंतीवर चढायला शिकायचे, आणि त्याचेही श्रेयांक (क्रेडिट)?’ असे काका म्हणाले, सगळे हसले आणि मीही हसले. मी त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. केलेली आहे आणि तीच भिंत चढलेली आहे, तेव्हा मी तरी बोलायला हवे होते, असे घरी परतताना वाटत राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी नियम काय आहे ते सांगते. कॉर्नेलमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षणाचे दोन श्रेयांक मिळवावेच लागतात. ते पदवीच्या एकूण श्रेयांकांत धरले जात नाहीत, मात्र ते नसतील तर पदवीही मिळत नाही. त्याखेरीज ७५ यार्ड पोहण्याची चाचणी वेगळी असते. इथाका गावात जिकडेतिकडे खोल घळी, धबधबे आणि पायथ्याला लांबच लांब कयुगा सरोवर असल्यामुळे मला ती कधीच विक्षिप्त वाटली नाही. हे दोन श्रेयांक बॅडमिंटन खेळूनही मिळतात, पण पुष्कळ मुले प्रस्तरारोहण, कयाकिंग किंवा पाठीवर ओझे घेऊन करायची भटकंती निवडतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना असे बंधन नसते, त्यांनी हवे तर शुल्क भरून शिकावे. मी शिकले ते निव्वळ कंटाळ्यापोटी. प्रयोगशाळेला खिडकी नव्हती.

पहिल्या संध्याकाळी प्रशिक्षिकेने दोराबद्दल एक प्रश्न विचारला. दोर ताणला जाणारा असेल, तर पडणाऱ्याला बसणारा धक्का कशावर अवलंबून असतो? मी मनातल्या मनात समीकरण मांडले आणि उत्साहाने उत्तर दिले की किती उंचीवरून पडलो यापेक्षा पडण्याचे अंतर आणि बाहेर सोडलेल्या दोराची लांबी यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते, म्हणून लांब दोरावर लांब पडणे हे आखूड दोरावर थोडेसे पडण्यापेक्षा सौम्य ठरू शकते. उत्तर बरोबर होते. त्यानंतर पाच मिनिटांनी मी हार्नेसच्या (कंबरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) दोन ठिकाणांतून ओवायचा दोर एकाच ठिकाणातून ओवून, त्यावर आठाची सुबक गाठ मारून भिंतीकडे निघाले होते. माझी जोडीदारीण पहिल्या वर्षाला शिकणारी अठरा वर्षांची मुलगी होती. तिने तपासणीच्या क्रमानुसार माझ्या हार्नेसला हात लावला आणि शांतपणे म्हणाली, ‘पुन्हा बांध.’ त्या वर्गात चढण्यापूर्वी दोघींनी एकमेकींची गाठ, बकल आणि दोर पकडणारे उपकरण हात लावून तपासायचे, मग ठरलेले शब्द मोठ्याने उच्चारायचे आणि समोरून ठरलेले उत्तर आल्याखेरीज जमीन सोडायची नाही, असा दंडक होता. पहिला आठवडाभर मला त्याची लाज वाटत असे.

अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत ‘नेतृत्वगुण’ आणि ‘संघभावना’ यांचा जो मारा असतो, तो मला मुळीच पटत नाही. श्रेयांक द्यावा असे तिथे काही असेल तर ते याहून साधे आहे: आपण हुशार असलो तरी आत्ता, या क्षणी, आपली गाठ चुकलेली असू शकते हे गृहीत धरून काम करण्याची सवय. प्रायोगिक भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्याला हीच सवय सर्वाधिक लागते आणि तिचा तास मात्र कुठल्याच वेळापत्रकात नसतो. पुढे नोकरी करताना एका प्रयोगशाळेत मी रात्री एकटीने, दार लावून, द्रव नायट्रोजन भरत होते. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो, हे मला पाठ होते. ऑक्सिजन मोजणारे यंत्र सारखे वाजते म्हणून दोन दिवसांपूर्वी त्याची बॅटरी मीच काढून ठेवली होती. काही घडले नाही, कारण रखवालदाराने दिवा दिसला म्हणून दार उघडले. भिंतीपाशी माझी जोडीदारीण होती, इथे कुणीही नव्हते.

कॉर्नेलमधल्या भौतिकशास्त्राच्या ज्या क्लार्क हॉल या इमारतीत मी सहा वर्षे काढली, तिथलीच १९७१ सालची गोष्ट. डग्लस ओशरॉफ तेव्हा विद्यार्थी होते. हेलियम-३ (हेलियमचा हलका प्रकार) निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमीत कमी तापमानाच्या, वर जेमतेम तीन सहस्रांश अंशापर्यंत थंड करत असताना दाबाच्या आलेखात त्यांना एक बारीकसा मोड दिसला. उपकरणाचा दोष म्हणून तो सोडून देणे सोपे होते, पण त्यांनी प्रयोग पुन्हा केला आणि मोड त्याच दाबाला पुन्हा आला. ओशरॉफ, त्यांचे मार्गदर्शक डेव्हिड ली आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी १९७२मध्ये आधी तो घन हेलियममधला बदल असल्याचे छापले. पुढच्या मोजणीत ते चूक ठरले, बदल द्रवातला होता, आणि ते त्यांनी त्याच वर्षी दुरुस्त केले. १९९६चे नोबेल तिघांना मिळाले ते द्रव हेलियम-३ च्या या अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणाऱ्या, अवस्थेच्या शोधासाठी.

जॉर्ज बेल यांचे नाव मात्र आमच्या विभागात फारसे निघत नसे. त्यांनी १९५१मध्ये कॉर्नेललाच हान्स बेथे यांच्याकडे सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत नोकरी धरली. १० ऑगस्ट १९५३ रोजी के-२ पर्वतावर, मोहिमेतले आजारी सहकारी आर्ट गिल्की यांना खाली आणताना, सुमारे साडेसात हजार मीटर उंचीवर बेल यांचा पाय घसरला. दोर एकमेकांत गुंतले आणि एकामागून एक पाच जण खेचले गेले. त्यांचे सहकारी पीट शोनिंग यांनी खडकामागे रोवलेल्या, बर्फात वापरायच्या एका कुऱ्हाडीच्या आधाराने गिल्कींसह सगळ्यांचा भार तोलून धरला. गिल्की मात्र त्याच दिवशी नंतर डोंगरावरच मरण पावले. बेल यांचे पाय हिमदंशाने जायबंदी झाले, तरीही १९६०मध्ये काराकोरममधल्या माशेरब्रुम शिखराच्या पहिल्या यशस्वी चढाईत ते शिखरावर होते. नंतर ते जीवशास्त्राकडे वळले. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे बंध ताण पडल्यावर किती लवकर सुटतात, याविषयी त्यांनी १९७८मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. दोर आणि ते सूत्र यांचा संबंध मी जोडणार नाही, पण तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी यांसाठी श्रेयांक राखून ठेवले आहेत, तेव्हा ‘त्याचेही श्रेयांक?’ हा काकांचा प्रश्न इथेही जुना झाला आहे. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण संस्था दोरकाम कसोशीने शिकवतात आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम कुणालाही माहीत आहे. अडते ते शिकवणाऱ्यापाशी. मी एका महाविद्यालयाला असा अभ्यासक्रम सुचवला, तेव्हा पहिला प्रश्न आला की शिकवणारा नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे का. वीस वर्षे सुळके चढलेल्या माणसाला मानधनावर बोलावता येईल, पण गुणपत्रकावर सही कुणाची, यावर बैठक संपली. खर्चाचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. चांगला हार्नेस आणि बूट संशोधनाच्या शिष्यवृत्तीच्या पैशांत बसत नाहीत आणि शुल्क लावले तर पुन्हा तीच ठरावीक मुले येतील, म्हणून साहित्य विभागाच्या मालकीचे असावे असे माझे मत आहे.

सध्या एवढेच करते आहे की माझ्याकडे येणाऱ्या नव्या संशोधक विद्यार्थ्यांनी नायट्रोजन दोघांनी मिळून भरायचा. एकाने ‘दार उघडे?’ असे मोठ्याने विचारायचे, दुसऱ्याने जाऊन, हात लावून पाहून ‘उघडे’ म्हणायचे, मगच झडप फिरवायची. पहिला आठवडाभर ती एकमेकांकडे बघून हसतात.