वसाहतीतला रस्ता फुकट नसतो

टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या आसपास, केटी किंवा सायप्रेसकडे नवीन घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक मजकूर सारखा फॉरवर्ड होतोय. वसाहतीच्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टला, म्हणजे कर्ज काढून सोयी उभारणाऱ्या आणि ते करातून फेडणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेला ('मड'ला), पाणी-सांडपाण्यासोबत रस्ते बांधायचे आणि त्यासाठी कर्ज काढायचे अधिकार मिळाले, तर घर घेणाऱ्याचा फायदाच, असं त्यात म्हटलंय. का, तर रस्ते फुकट मिळतात, कर्जाला मतदारांची मंजुरी असते, सरकार सगळं तपासतं आणि काही वर्षांत मड टॅक्स संपतो. लोक यावर विसंबून आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करताहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

रस्ते फुकट नसतात. टेक्सासमध्ये नव्या वसाहतीतले रस्ते सहसा काउंटी (जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) बांधत नाही, डेव्हलपर बांधतो. मडकडे रस्त्यांचे अधिकार नसतील, तर तो खर्च प्लॉटच्या किमतीत धरला जातो. अधिकार असतील, तर मड बाँड (कर्जरोखे) विकून डेव्हलपरचे पैसे परत करतं आणि ते बाँड तुमच्या मालमत्ता करातून फिटतात. मडचा दर १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर असेल, तर ४ लाखांच्या घरावर, सवलती सोडल्या तर, वर्षाला ४,००० डॉलर होतात. शाळा आणि काउंटीचा कर वेगळा. ही व्यवस्था मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. सुरुवातीला कमी पैसे भरून घर मिळणं अनेकांना सोयीचं असतं. पण घराची किंमत तेवढीच खाली येईल, याची हमी कुठलाच कायदा देत नाही.

मतदानाचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. कागदावर अट कडक आहे: करातून फेडायच्या रस्ते-बाँडना दोन-तृतीयांश मतं लागतात आणि टेक्सासच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदातल्या कलम ५२ नुसार असे बाँड डिस्ट्रिक्टमधल्या स्थावर मालमत्तेच्या मूल्याच्या एक-चतुर्थांशापलीकडे जाऊ शकत नाहीत. मात्र हे मतदान बहुतेकदा घरं उभी राहण्याआधीच उरकलेलं असतं. तेव्हा त्या जमिनीवर राहणारे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि अनेकदा त्यांना तिथे राहायला जागा डेव्हलपरनेच दिलेली असते. पुढची तीस वर्षं कर भरणाऱ्या शेकडो कुटुंबांपैकी कुणीही त्या मतदानात नसतं. याला 'लोकांनी मंजूर केलं' म्हणणं मला पटत नाही. शिवाय ती एक-चतुर्थांश मर्यादाही स्थिर नाही. घरं वाढली, मूल्य वाढलं की तीही वर सरकते.

सरकार तपासतं, हे अर्धंच खरं. पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या बाँडची छाननी राज्याचा पर्यावरण आयोग करतो. रस्त्यांच्या बाँडना ती छाननी सहसा लागू होत नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याची, मंजुरी लागते, पण ती बाँड कायदेशीर आहेत का एवढ्यापुरती. रस्त्याचा खर्च वाजवी आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही.

राहिला टॅक्स संपण्याचा प्रश्न. बाँड साधारण पंचवीस-तीस वर्षांचे असतात आणि वसाहतीचा पुढचा टप्पा आला की नवे बाँड निघतात. वसाहत भरत गेली की दर हळूहळू उतरतो, हे खरं. पण उतरणं आणि संपणं यांत फार अंतर आहे. पूर्वी शहराने वसाहत हद्दीत घेतली की मड विसर्जित होण्याची शक्यता तरी असायची. २०१९ च्या कायद्यानंतर रहिवाशांच्या संमतीशिवाय शहरांना बहुतेक ठिकाणी वसाहत हद्दीत घेता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी विक्रेत्याकडून मडची नोटीस मागा. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात रस्त्यांसाठी मंजूर झालेल्या बाँडची रक्कम आणि प्रत्यक्ष काढलेल्या बाँडची रक्कम वेगवेगळी दिलेली असते. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुम्ही राहायला गेल्यावरही निघू शकणारं कर्ज. सेल्स ऑफिसमधल्या माणसाला नेमकं त्याबद्दल विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.