भिंतीला पाणी सुटलं म्हणजे ती गळते असं नाही

थंडी पडली की नाशिकमध्ये एक मेसेज फिरू लागतो: 'भिंतीला पाणी सुटलं म्हणजे बाहेरून ओल मुरतेय. आतून वॉटरप्रूफ रंग मारा, खिडक्या गच्च बंद ठेवा, कोपऱ्यात वाटीभर मीठ ठेवा.' यापायी लोकांचे हजारो रुपये वाया जातात, म्हणून लिहितोय.

महिनाभर पावसाचा थेंब नसताना बाहेरून ओल येणार कुठून? निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या रात्री आपल्या भिंतीही गार पडतात. घरातली दमट हवा त्यांना टेकली की पाणी सोडते. 20 अंशांच्या घनमीटरभर हवेत फार तर 17 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांना जेमतेम 9. गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो, तेच हे.

इंदिरानगरात बहिणीच्या फ्लॅटमध्ये कपाट पुढे ओढलं, तर मागे बीमच्या रेषेत काळी बुरशी, पट्टीने आखल्यासारखी. काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा लवकर बाहेर जाते, म्हणून पाणी आधी तिथे धरतं. रंगाचं कोटेशनही येऊन पडलं होतं. आम्ही भिंत पुसून कोरडी केली आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल चारही बाजूंनी चिकटवली. दोन दिवसांनी थेंब फॉइलच्या वर होते, खाली भिंत कोरडी. ओल भिंतीतली असती तर फॉइलखाली पाणी दिसलं असतं.

खिडक्या बंद ठेवण्याचा सल्ला तर सगळ्यात घातक. 14.2 किलोचं सिलिंडर संपेपर्यंत नुसत्या गॅसच्या जळण्यातून सुमारे 22 लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं! वर कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याच्या आंघोळी, खोलीत वाळत घातलेले कपडे. ही वाफ जायला वाट हवी. स्वयंपाक-आंघोळी उरकल्या की दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

मिठाचं म्हणाल, तर हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ते पाणी ओढतच नाही. वाटीभर मीठ खोलीला पुरणारही नाही.

बाहेरची ओल असतेच, नाही असं नाही. श्रावणात पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीचा रंग फुगतो, जुन्या वाड्यांत जोत्यापासून लोणा चढतो. पण तिथेही आतून मारलेला रंग वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे धरतो. बाहेरच्या प्लास्टरची भेग शोधून बुजवावी लागते.