सव्वा महिना थांबायचं नाही, 24 तासांत टोचायचं

माझी मामेबहीण इंदूरला आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका आहे. तिच्या कामाच्या ग्रुपवर फिरणारा एक हिंदी मेसेज तिनं मला पाठवला आणि विचारलं, 'दादा, यात काही खरं आहे का?' मेसेज म्हणतो: हिपॅटायटिस बी म्हणजे साधा पीलिया (कावीळ), झाडला की उतरतो, रोग्याचं ताट-पेला वेगळं ठेवा, बाळाला जन्मल्याबरोबर लस देऊ नका, सव्वा महिना होऊ द्या, आणि आशांना स्वतःला लशीची गरज नाही. घरोघरी लस समजावणाऱ्या बायकांच्याच हातात हे दिलंय, याचा संताप येतो.

सगळ्यात घातक आहे ते सव्वा महिन्याचं. आईला लागण असेल तर विषाणू बाळाकडे जातो तो मुख्यतः बाळंतपणातच, तिच्या रक्तातून. मग सव्वा महिन्यानं टोचून काय अडवणार? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बघा: तान्हेपणी लागण झाली तर सुमारे 95 टक्के मुलांत ती कायमची मुक्काम करते, मोठेपणी झाली तर 5 टक्क्यांहून कमी जणांत. त्या मुलांपैकी कित्येकांना ऐन कर्तेपणी सिरॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाणं) नाहीतर यकृताचा कॅन्सर गाठतो. म्हणून पहिला डोस 24 तासांच्या आत, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीतून. लशीत जिवंत विषाणू नसतोच, तान्ह्या जिवाला ती सोसते. बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी आशाच असते. तिथं तिनंच 'नंतर बघू' म्हटलं, तर त्या बाळाची वेळ गेलीच.

झाडण्याबद्दल एवढं मान्य करतो, की बरेच मोठे रोगी आपोआप बरे होतात. श्रेय मात्र झाडणाऱ्याला मिळतं. आणि ज्यांच्यात विषाणू राहतो त्यांचे डोळे बहुतेकदा पिवळे होतच नाहीत. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

ताट-पेल्याचं तर सोडूनच द्या. दूषित पाण्या-अन्नातून पसरते ती ए आणि ई प्रकारची कावीळ. बी पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून. सुनेचं ताट वेगळं करून तिला फक्त छळता येतं.

उरल्या आशा. मलेरियासाठी बोट टोचून रक्त घेतात, अडलेल्या बाईजवळ थांबतात. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण धरलेलं आहे. बहिणीला सांगितलंय, एएनएमताईंकडे (उपकेंद्रातल्या नर्सकडे) आपले तीन डोस माग: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. आणि तुझ्या यादीतल्या प्रत्येक गरोदर बाईची हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झाली का, ते कार्डावर बघ.