फ्लूची लस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी : खुलासा

‘अमेरिकेत फ्लूच्या लशीबरोबर कर्करोग तपासणीचा संच देतात, म्हणजे लशीनेच कर्करोग होतो,’ असा निरोप सध्या फिरत आहे. त्यातील पहिला भाग काही दवाखान्यांपुरता खरा आहे. दुसरा निखालस खोटा.

फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते आणि विष्ठेतील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणीही दरवर्षीच करायची असते, म्हणून लशीसाठी आलेल्या, पण तपासणी राहून गेलेल्या व्यक्तीला परिचारिका तिथेच संच देते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात २००८ साली अशाच पद्धतीचा अभ्यास झाला आणि तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. लशीचा संबंध आला तो एवढाच.

घरी शौचाचा अगदी थोडा नमुना काडीने घेऊन बाटलीत बंद करायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. त्यासाठी पथ्य नाही, की जुलाबाचे औषधही नाही. अमेरिकेत ही तपासणी सर्वसाधारण जोखमीच्या लोकांना ४५व्या वर्षापासून सुचवली जाते. रक्त आढळले म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे, कारण ते मूळव्याधीचेही असू शकते. मात्र त्यानंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, टाळून चालत नाही. ज्यांना शौचावाटे रक्त पडताना दिसते, त्यांनी संचाची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.